नुन्झियोकाकांचं अंजीर

टोरांटो, २ नोव्हेंबर १९६८

ती. एर्सिलियामावशीस दोनातोचा सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते काल दुपारी, नुन्झियोकाकांनी अंजिराची कुंडी माझ्या हातात दिली तेव्हा! फियोरेलाला मागणी घालायला गेलो होतो. तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांनीच, मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, कॉलेज अर्ध्यावर टाकलंस, निदान एक हिवाळा तरी पुरा करून दाखव. इटलीतून, कालाब्रियाहून आणलेल्या फांदीचं झाड आहे. वसंतात जिवंत परत दिलं तर मुलगी माझी; नाहीतर त्यांच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. म्हणजे जिंकलोच की! गोधडीत गुंडाळून गॅरेजात ठेवलंय.

मावसोबांना नमस्कार. लोभ या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा दोनातो

टोरांटो, २० जानेवारी १९६९

ती. मावशीस सा. न.

पेढे वाट! गॅरेजात बिचारं कुडकुडत होतं, मला बघवेना. स्वयंपाकघरात शेगडीपाशी आणलं, रोज पाणी घातलं. पानं फुटली! भर बर्फात!

तुझाच, हवेत तरंगणारा दोनातो

माँट्रियल, २७ जानेवारी १९६९

चि. दोनातोस अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, अंजीर हिवाळ्यात झोपतं. तू त्याला मध्यरात्री उठवून जेवायला बसवलंस! आजच्या आज गॅरेजात, अंधारात ठेव. पानं गळतील, गळू देत. पाणी महिन्यातून पेलाभर. आणि सारखी गोधडी उचलून बघायचं नाही. मावसोबा म्हणतात, हा फियोरेलाच्या खिडकीखाली बर्फात उभा राहतो, याला कुठला दम निघतोय! बातम्या इथवर येतात हो.

जीव लावावा, पण जरा लांबून.

तुझी मावशी

टोरांटो, ११ मे १९६९

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी अंजीर गॅरेजात अंधारात ठेवलं होतं. काल काका आले. नखाने साल खरवडली, आत तपकिरी. फांदी वाकवली, कट्‌कन मोडली. मेलं म्हणाले आणि टोपी घालून निघाले. माझं डोकं फिरलं. ओरडलो की बुंध्यापर्यंत न बघताच चाललात, अर्ध्यावर टाकणारे तर तुम्हीच! त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

रात्रभर तळमळलो. आज सकाळी बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला केली, आणि मावशी, कोंब! हिरवागार, करंगळीएवढा, मुळापासून वर आलेला!

गल्लीत यायचं नाही म्हणे. येणार! सगळ्यांच्या देखत, कुंडी खांद्यावर घेऊन. फियोरेला दारात उभी असेल, नसेल तर हाका मारीन.

माया आहे तशीच राहू दे, बाकीचं मी बघतो. सही करायलाही थांबत नाही. कुंडी उचलतो, बाहेर पडतो आणि हे दार ओढून घेतो.