डांगरवाडीतली दुपार

पवनी,
२ एप्रिल १९८४

चि. ईश्वर यास रत्नाताईचे अनेक आशीर्वाद.

नदीच्या वाळूत यंदाही खरबुजांच्या डांगरवाड्या लागल्या. पहिलं डांगर कापलं की आई तुझी फाक बाजूला ठेवते, नि संध्याकाळी मुकाट्याने शेजारच्या लेकरांना देते. पंधरा वर्षं झाली, तू घरात पाऊल टाकलं नाहीस. नागपूरला होतास तोवर भेटायला आम्हीच यायचो. काल ती म्हणाली की पोरगा काहून येत नाही, माझं काय चुकलं?

पुण्यात संगणकावर करतोस तरी काय? लोक विचारतात, नि मी टायपिंग सांगून मोकळी होते.

माया असू दे.
तुझी ताई


पुणे,
११ एप्रिल १९८४

ति. सौ. रत्नाताईस ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

टायपिंग नव्हे गं! पूर आला तर भोंगा कोणत्या गावापर्यंत ऐकू जाईल, हे आम्ही संगणकाकडून काढतो. वारा, हवेची उष्णता, अंतर, सारं कार्डांवर टोचून आत घालायचं.

परवा मी आपलीच, बाबा गेले ती दुपार त्यात घातली. मे महिना, पश्चिमेची झळ, मधे अर्धा मैल वाळू. बाबा ऊन लागून डांगरवाडीत कोसळले, तेव्हा मी पलीकडे बैल धूत होतो. तेरवीला कृष्णकाका चारचौघांत म्हणाले की माय बोंबलून थकली, पण पोट्टं हाललं नाही. त्यानंतर घरी यायचं धैर्यच झालं नाही.

तापलेल्या वाळूवरून आवाज वर वळतो, समोरून वारा असला तर आणखीच. आईची हाक माझ्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तीनदा चालवून पाहिलं. कागद सोबत आहे, आईला वाचून दाखव. मला खरंच ऐकू आलं नव्हतं, ताई.

तुझा,
ईश्वर


पवनी,
२० एप्रिल १९८४

चि. ईश्वर यास आशीर्वाद.

आकडे मला कळले नाहीत, पत्र तेवढं आईला वाचून दाखवलं. काकांचे ते शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकले. तेरवीला ती आतल्या खोलीत पडून होती.

मग म्हणाली की मी त्याले हाक मारलीच नाही. बाबांचं डोकं तिच्या मांडीवर होतं, घशातून आवाज फुटेना. तू बैलांवर पाणी उडवताना तिला दिसत होतास. तिने हाक मारली असं काकांनी आपल्या मनाने धरलं, नि मीही तेच खरं मानलं. तुला एकदाही विचारलं नाही रे. मला माफ कर.

आता आई दारात बसली आहे. म्हणते की त्याले लिव, मी आता हाक मारून राहिली, पहिल्या गाडीनं ये.

माया पोस्टाने किती दिवस पाठवू?
तुझी ताई