हिवतापाने घातलेला आळ

दांडी, फेब्रुवारी १९६७

चि. कमलाकांत यास,

तुझ्या भावोजींचे आशीर्वाद. पालघरी मुलेबाळे खुशाल असतील. वत्सला तुझ्याकडे आल्यापासून इकडचे क्षेम विचारण्यासारखे राहिलेले नाही.

तिने तुला किती सांगितले ठाऊक नाही, म्हणून लिहितो. तारापूरच्या नव्या वसाहतीतल्या मुलांना कविता शिकवायला मला बोलावणे आले (पेन्शनीतल्या मास्तराला याहून मोठा मान कोणता?). आधी रक्ताची तपासणी. तेव्हा मला हुडहुडी भरून ताप येत होता, पण पहिल्या दिवशी कोणती कविता घ्यावी या तंद्रीत मी ते डॉक्टरांना सांगायचे विसरलो. निकाल आला, गरमी. (होय, बाहेरख्यालीपणाने जडणारा तोच रोग.) कंपाउंडरने तो आमच्या अंगणातच मोठ्याने वाचला. शेजारच्या काशीबाई सुकट पसरता पसरता म्हणाल्या, "मास्तर, नुसत्या कविता वाचून व्हते काय वो ही?"

वत्सला हसली नाही. पिशवी भरताना एवढेच म्हणाली, "इतकी वर्षं कविता कुणाला उद्देशून म्हणत होतात, ते आज कळलं."

नंतर डॉक्टरांनी माझा ताप पाहिला आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला. हिवतापाचे जंतू रक्तात बिऱ्हाड करतात, तेव्हा शरीर त्यांच्याशी लढायला प्रतिद्रव्ये तयार करते. पण त्या गडबडीत भलतीसलतीही करून ठेवते, आणि त्यांतली काही तपासणीत गरमीसारखी दिसतात. (मागच्या बाकावर कुणी शीळ घातली की मी अख्ख्या वर्गाला अंगठे धरायला लावी. माझे रक्तही मास्तरच निघाले.) औषधाने ताप गेला. परवा पुन्हा रक्त तपासले, काही दोष नाही. वसाहतीतली जागाही मिळाली. पण सकाळी अजून दोन कप चहा टाकतो आणि दुसरा निवत राहतो.

तुझा भावोजी,
बळवंत

ता. क. पत्राचे खरे कारण हे. डॉक्टरांचे म्हणणे ताईला तू तुझे म्हणून सांग. माझे बोलणे तिला कविताच वाटते. आणि रविवारच्या एसटीने तिला घेऊन ये.

पुन्हा ता. क. सांजेला वाडीतल्या विहिरीवर कविता म्हणत बसू नका, डास फोडून काढतील, हे ती लग्न झाल्यापासून सांगत आली. आता मी दिवेलागणीला घरातच असतो, असे तिला कळव. (अक्षर दिसेनासे झाले, डासही फार झालेत. विहिरीवरून उठतो.)