उजवा तितर

अंबड, नाशिक
दसऱ्याच्या आधीचा रविवार, १९९७

ती. आईस, समाधानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहे. कंपनीतलं काम जमतंय. खानावळीतली भाकरी तुझ्यासारखी नाय, पण पोट भरतं. भाग्यश्रीचा खोकला गेला का? शेळी व्याली का?

घरातून निघताना तितर कुठून बोलतो ते ऐकतोस का, असं तू विचारलंस. ऐकतो. खोलीमागं अजून माळ आहे, सकाळी तितर बोलतो. डावीकडून बोलला तर अपशकुन म्हणून अप्पांसारखाच चप्पल काढून बसतो, घोटभर पाणी पितो, मग ड्युटीवर जातो. तू काळजी करू नको.

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो उजवीकडून बोलला होता. अप्पा खूश झाले, न थांबता कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसले. संध्याकाळी हायवेवरून त्यांना घरी आणलं. मला तेव्हा रडू आलं नाही. अजून येत नाही.

आता उजवीकडून बोलला की मी दारातच उभा राहतो. तेव्हा काय करायचं, ते अप्पांनी सांगितलंच नाही. तुला माहीत असलं तर कळव.

तुझा,
समाधान