खामगावातला समुद्र

३ एप्रिल
आले एकदाची! मोताळ्याहून बसने खामगावात उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. इथे दिवाणखान्यात मात्र गारवा, आणि समोर चक्क समुद्र. भिंतभर लांब काचेची टाकी, खारं पाणी, जांभळी-केशरी प्रवाळं, त्यांत लपाछपी खेळणारे मासे. नागपुरात मत्स्यविज्ञान शिकताना हे सगळं आपल्याच जिल्ह्यात हाती येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मालक इंद्रभानजी. कापसाची जिनिंग आहे त्यांची, बोलणं मऊ. त्यांनीच सांगितलं, की त्यांची मुलगी पुष्पांजली ही कॉलेजच्या सहलीत समुद्रात बुडाली, सापडलीच नाही. त्याच किनाऱ्यावरचे खडक आणून त्यांनी ही टाकी उभी केली. बायको केसरबाई दिवसभर तिच्यासमोर बसून असतात.

अडचण एकच. खडकांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ माजलंय, त्याखाली प्रवाळं गुदमरतायत. ते काढायलाच मला ठेवलंय. राहायची खोली टाकीच्या भिंतीला लागूनच. पंपाचा आवाज येतो, लाटांसारखा. छान वाटतं.

६ एप्रिल
पाणी तपासलं. फॉस्फेट भलतंच वाढलंय. कारणही सापडलं: केसरबाई माशांना वाट्या भरभरून कोळंबी टाकतात, उरलेली कुजते, तेच शेवाळाचं खत. चिमूटभरच टाकत जा, काकू, असं समजावलं. दिव्यांचे तास कमी केले, थोडं पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. एकेक खडक बादलीत घेऊन टूथब्रशने घासतेय. पाठ मोडलीय, पण काम आवडतंय.

१२ एप्रिल
खडक लख्ख झाले. इंद्रभानजी खूश.

केसरबाईंनी मात्र बादलीतलं शेवाळ उचललं, पदराने टिपलं आणि ओसरीत बसून त्याला खोबरेल लावायला लागल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरीचे केस काऊन उपटून राह्यली वं?"

उठून आत आले.

१३ एप्रिल
शेवाळ परत आलंय. एका रात्रीत एवढं वाढूच शकत नाही. आणि मधल्या खडकावर त्याची वेणी घातलेली. तीनपेडी, घट्ट.

केसरबाईंना विचारलं, पाण्यात हात घातलात का. त्यांनी कोरडी बाही दाखवली. "म्या नाही. मोठी झाली ना ते आता, आपली वेणी आपणच घालते."

हसल्या त्या. मायेने.

१७ एप्रिल
उजेडाशिवाय शेवाळ जगत नाही, म्हणून दिवे बंद करून टाकी काळ्या कापडाने झाकून ठेवली होती. आज कापड काढलं. प्रवाळं पांढरीफटक. मासा एकही नाही. तळाशी गोगलगायींचे रिकामे शंख, आणि बाकी सगळं शेवाळ, काचेला आतून चिकटलेलं. हात घातला तर ते मनगटाला गुंडाळलं आणि हळूच ओढलं, लहान मूल खेळायला ओढतं तसं. कसाबसा हात सोडवला.

इंद्रभानजींना सांगितलं, मी जाते. ते म्हणाले, दुसरं कोणी मिळेस्तोवर थांब. बॅग घेऊन फाटकाशी गेले तर कुलूप. परत आले तर टेबलावरचा फोन नाही.

१८ एप्रिल
दार बाहेरून लावलंय. खिडकीला गज. दुपारभर दार बडवलं, तेव्हा इंद्रभानजी पलीकडे येऊन उभे राहिले.

"मासोळ्यांनी तिचं मन नाही रमत, बाई. तिले सोबत पाहिजे. तिच्या वयाची तूच आहे."

रडत होते ते. पण कडी काढली नाही.

१९ एप्रिल
टाकीकडची भिंत ओली. फटीतून हिरवा धागा आला. कापला. तिथून दोन आले. कापले—

जमिनीवर पाणी साचतंय. बोट लावून चाखलं. खारट.

२० एप्रिल
पाणी घोट्याच्या वर. पलंगावर पाय घेऊन बसलेय. शेवाळ पायाला—सोडवते—पुन्हा येतं. दुखत नाही. गार, मऊ. दारापलीकडे केसरबाई अंगाई म्हणतायत. मला नाही—

डोळे मिटू नयेत. मिटू नयेत.

२१ एप्रिल
फाटकाशी आईचा आवाज! फोन लागेना म्हणून आली असणार. माझं नाव घेतेय—

इंद्रभानजी सांगतायत, प्रतीक्षा तं कालच गेली. खोटं. खोटं—

ओरडतेय, आवाज फुटत नाही. तोंडात धागे. उपटते, घशातून येतच—

आई, वळू नकोस. खिडकीकडे बघ. मी आहे. अजून आहे, इथ