मागच्या बाकावरून

प्रिय सूनबाई,

सोमवारी तुझी साक्ष आहे आणि तू माघार घ्यायच्या विचारात आहेस, असं तुझ्या भावाने फोनवर सांगितलं. बिचारा इतका चाचरत होता की शेवटी मीच म्हटलं, बोल की, मी काही चावत नाही. निर्णय तुझा आहे. पण कोर्ट कसं असतं ते ठाऊक नसताना नुसत्या धास्तीने घेतलेला निर्णय मला पटत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेले कित्येक दिवस मी तिथे मागच्या बाकावर जाऊन बसते आणि दुसऱ्यांचे खटले ऐकते. शिपायाने आधी हटकलं, आजी, तुमची केस कुठली? म्हटलं, यायची आहे अजून. आता तो माझ्यासाठी पंख्याखालची जागा धरून ठेवतो. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघतात तेव्हा रागावल्यासारख्या दिसतात, पण त्या फक्त ऐकत असतात. शेजारी टाइप करणारा असतो, त्याची बोटं थांबेपर्यंत पुढचं वाक्य बोलू नकोस. वकिलाकडे नाही, बाईंकडे बघून उत्तर दे. तुझा पोलिसांपुढचा जबाब आधी वाचायला मिळावा, असं सरकारी वकिलांना सांग. वाच, पण पाठ करू नकोस. एका दुकानदाराने सगळं घोकून आणलं होतं. मधेच अडवलं की गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू, शाळेतली कविता म्हणावी तसा. लोक हसले, बाई हसल्या नाहीत.

बाहेरच्या व्हरांड्यात थांबू नकोस, तिथे दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर कोंबलेली असतात. तळमजल्यावर साक्षीदारांच्या मदतीची खोली आहे. तिथल्या बाई वेगळ्या खोलीत बसवतात, आणि तुझा नवरा समोर दिसू नये म्हणून पडद्याची परवानगीही मागतात. मात्र आधी कळवावं लागतं. उद्याच फोन कर.

आता तुझी एक खोड. दातांच्या दवाखान्यात फोन घेऊन घेऊन तुला प्रत्येक वाक्याला "हो, हो, बरोबर" म्हणायची सवय लागली आहे. मी रागवायचे तेव्हाही तू असंच म्हणायचीस आणि मग हवं तेच करायचीस. मला कळत नव्हतं असं समजू नकोस. तिथे हे चालणार नाही. समोरचा वकील मधाळ आवाजात म्हणेल, ताई, आवाज आधी तुम्हीच चढवलात ना? तुझ्या तोंडून सवयीने "हो" जाईल आणि ते कागदावर कायमचं बसेल. प्रश्न पुरता ऐक, आवंढा गिळ, मग बोल. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. कळला नाही तर परत विचारायला लाव. रडू आलं तर पाणी माग, कुणी खात नाही.

मनगटाचं प्लास्टर निघालं, हे ऐकून बरं वाटलं. व्यायामाचा कंटाळा करू नकोस. तो इथे अधूनमधून येतो. मी वाढते. पोटचा आहे, उपाशी कशी ठेवू? पण दर वेळी त्याचं एकच पालुपद, आई, ती जिन्यावरून घसरली एवढंच म्हण. तुझ्या चुलत सासूबाईही रोज फोनवर, घरातलं घरात मिटवा. म्हटलं, आधी घर कुठे उरलंय ते दाखवा.

सासूबाई मुलाच्या बाजूनेच उभ्या राहणार, असं त्याच्या वकिलाने तुझ्या भावाला ऐकवलं आणि तिथेच तुझं अवसान गळालं, हे मला कळलं आहे. म्हणून हे पत्र. मला सरकारी वकिलांकडून समन्स आलं आहे आणि तुझ्यानंतर माझंच नाव आहे. स्वयंपाकघराच्या दारातून मी काय पाहिलं, ते इथे लिहीत नाही. आपण दोघी साक्षीदार, आपसात साक्ष जुळवायची नसते. हे पत्र लपवूही नकोस. सासूने काही पढवलं का, असं विचारलं तर खुशाल पुढे कर. परवा जेवताना मी त्याला सांगितलं, जे पाहिलं तेच बोलणार. तो भरल्या ताटावरून उठून गेला. त्याला हाक मारावीशी वाटली, मारली नाही. तू आली नाहीस तरी मी जाणार आहे. पण तुझं दुखणं तुझ्याच तोंडून ऐकलं जावं. मला तुझ्यानंतर उभं राहायचं आहे, तुझ्याऐवजी नाही.

तुझीच,
सासू