दात नसलेला उंदीर

४ मार्च
पप्पांची जुनी डिझेल व्हॅन चालू केली की मी बेंगळुरूला नव्या नोकरीवर जाणार. जॉइनिंग अठराला. आई गेल्यापासून व्हॅन नवागामच्या आमच्या गल्लीत उभी आहे. ती चालली की पप्पा पुन्हा मार्केटची पार्सलं पोचवायला लागतील. भावनिक काही नाही. एका संध्याकाळचं काम.

५ मार्च
दोन कनेक्टर निघालेले सापडले: एअर फ्लो आणि क्रँक सेन्सर. क्रँक सेन्सरशिवाय इंजिन सुरूच होत नाही. दोन्ही लावले. विषय संपला. पप्पांनी टॉर्च धरला होता. लूमवर कापड विणायच्या दिवसांबद्दल बराच वेळ बोलले. मी "हं" म्हटलं. उशीर झाला. सेल्फ उद्या मारू.

६ मार्च
चालू नाही. क्रँकचा कनेक्टर पुन्हा बाहेर. पप्पा म्हणाले, "उंदीर व्हई, बेटा. नवागामना उंदीर भारी." वायरीवर दातांच्या खुणा नाहीत. लॉक दाबल्याशिवाय तो निघत नाही. तरी उंदीरच. दुसरं कारण संभवत नाही.

९ मार्च
बॉनेटखाली डांबरगोळ्या आणि तंबाखू ठेवली. आज तीन कनेक्टर निघालेले. शेजारच्या उषाबाई गॅलरीतून ओरडल्या, "अगं, हजीऱ्याचा प्लान्ट तुझ्याच भरवशावर चालतो ना?" तिथल्या माझ्या नोकरीवरून टोमणा. दुर्लक्ष केलं. पप्पा मात्र हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. नोंद फक्त माहितीसाठी.

१३ मार्च
पप्पांच्या नखांत काळं ग्रीस. सायकलची चेन चढवली असेल. आमच्याकडे सायकल नाही. विचारलं नाही. काम सावकाश केलं. घाईत चुका होतात.

१६ मार्च, संध्याकाळ
खाली गेले तर पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर. व्हॅन पहिल्याच सेल्फला चालू. म्हणाले, "बॅग ठेव, बेटा. ठेसनवर सोडस."

मी म्हटलं, एकदा चेक करते. इंजिन बंद करायला लावलं. बॉनेट उघडलं. लॉक दाबून क्रँकचा कनेक्टर काढला. हे फक्त तपासणीसाठी. परत बसवायला काहीच वेळ लागत नाही. बसवला नाही.

पप्पांना सांगितलं, चालू होत नाहीये. त्यांनी सेल्फ मारून पाहिला नाही. रिक्षा बोलावू का, असंही विचारलं नाही. माझी ट्रेन आता भेस्तान स्टेशनच्या पुढे गेली असेल.

पप्पा वर गेले आणि दोघांपुरता भात लावला.