पुनमचा तांब्या

जळगाव,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

कमल,

नमस्कार. नावाच्या आधी 'प्रिय' लिहायला गेले आणि पेन अडलं, म्हणून तसंच सोडलं.

इकडे सगळं ठीक. लेक-जावई मजेत आहेत. नातीला दात येताहेत, त्यामुळे दिसेल ते चावते, परवा जावयांचा चष्मा चावला. ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय. मी डोळे दाखवायला जळगावला गेलेय असं तू शाळेत सांगितलंस म्हणे. बरोबर आहे, मीच तसं सांगून निघाले होते. डॉक्टरांनी तपासलं, नंबर तोच आहे. डोळ्यांना काही झालेलं नाही कमल, मी पळून आलेय.

फोन का नाही केला म्हणशील. फोन केला की तू 'बाई गं, मीटिंग आहे' म्हणून ठेवतेस. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा आणि गप्प. म्हणून धुळ्याला डी.एड.ला असताना आपण सुट्टीत एकमेकींना लिहायचो, तसं कागदावर लिहितेय. पूर्ण वाच. मध्येच रागावून बाजूला ठेवू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

आधी तुझे उपकार सांगते, नाहीतर म्हणशील रत्ना एकदम अंगावरच आली. हे गेले आणि मी सोनगीरला भावाकडे राहायला आले, तेव्हा दिवसभर ओट्यावर बसून येणारे-जाणारे मोजायचे. तू स्कूटी थांबवलीस. 'रत्ने, डी.एड. फुकट घालवतेस का? चल माझ्या शाळेत. पगार नाही, पण पोरं आहेत.' ज्या महिन्यात तुझी नोकरीची ऑर्डर आली त्याच महिन्यात माझं लग्न झालं होतं. सदतीस वर्षांनी हातात खडू आला. पहिल्या दिवशी घरी जाऊन मी रडले होते, तुला सांगितलं नाही.

तू मला सात पोरं दिलीस. तिसरी-चौथीतली, शाळेत येऊन येऊन बाराखडीतच अडकलेली. 'यांचं काही होत नाही गं, बघ तुला जमलं तर.' पुस्तक उघडलं की साती माना खाली. घरात अहिराणी, पुस्तकात भलतंच. मग मी पुस्तकच बंद केलं. म्हटलं, घरी नाव टाकलेलं भांडं असेल ते घेऊन या. तांबटांचं गाव आपलं, ज्याच्या घराला धड दार नाही त्याच्याकडेही लग्नातलं एखादं पितळी भांडं असतंच. तू हसलीस. 'शाळा आहे का भांड्यांचं दुकान?' म्हणालीस.

पुनमने आजीचा तांब्या आणला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकलेलं: 'ताईबाई हिस मामा जीवराम यांजकडून.' पोर तीन दिवस त्यावरून बोट फिरवत बसली. चौथ्या दिवशी किंचाळली, 'बाई, ताईबाई! मनी आजी शे आठे!' त्या ठिपक्यांत तिला तिची आजी सापडली होती. मी त्या आठ वर्षांच्या घोडीला कडेवर उचललं आणि आठ दिवस कंबर धरून चालले. आजी गेल्या दिवाळीत वारली तिची. त्या तांब्यातून पुनम कुणाला पाणीसुद्धा पिऊ देत नाही.

तांब्यानंतर एसटीच्या पाट्या वाचल्या, मग बिस्किटांचे पुडे, मग तिसरीचं पुस्तक. जानेवारी संपताना सातही जण परिच्छेद वाचत होते. अडखळत, पण वाचत होते. मी तुला तीनदा म्हटलं, ये, ऐक. 'ऐकते गं, कामं आवरू दे.' तू एकदाही आली नाहीस. उलट भांडी मात्र ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतलीस, प्रदर्शन करू म्हणून. मी इतकी खुळी, की तुझ्या ऑफिसातला तो पितळी डबाही त्यांत ठेव म्हटलं. तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नाव टाकून दिलेला.

आणि मग तू म्हणालीस, 'रत्ना, तुझ्या पोरांना गुरुवारी गडावर घेऊन जा. क्षेत्रभेट होईल. खिचडीचे डबे मीच भरून देते.' वर्षभर मी मागत होते तेव्हा नियम आडवे येत होते. त्या दिवशी तू स्वतः फाटकापर्यंत सोडायला आलीस. पुनमच्या रिबिनी नीट केल्यास. कमल, तो हात कसा उचलला गं तुझा?

शनिवारी शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पुनमने बापाच्या मोबाइलवर पाहिला आणि तो मोबाइल घेऊन धावत माझ्या ओट्यावर आली. गुरुवारी तपासणीची समिती आली होती. टेबलावर पांढरी चादर, त्यावर आमची भांडी. 'भांड्यांवरून वाचन, आमच्या शाळेचा उपक्रम.' वाचायला उभा कोण? चौथीचा योगराज. पहिल्या नंबरचा, पुस्तकातल्या कविता धडाधड म्हणणारा.

पुनम म्हणाली, 'हाऊ मना आजीना तांब्या शे. योगराजना हातमा कसा?' मी काय सांगणार? एवढ्यात योगराजने तांब्या उंच धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, 'कमलला, नोकरीच्या पहिल्या दिवशी, रत्नाकडून.'

त्याच्याकडून भांड्यांवरची नावं ओळीने पाठ करून घेतली होती आणि कुणीतरी टेबलावरची ओळ बदलली. पोरगं वाचत नव्हतंच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, लांबून ती ठिपक्यांची अक्षरं दिसणार थोडीच. पण तू शेजारी उभी होतीस. तू तुझा डबा ओळखतेस ना गं? सदतीस वर्षं त्यात चहापत्ती ठेवतेस. तरी तू टाळ्या वाजवल्यास, आणि हसलीससुद्धा.

पुनम आधी खुदकन हसली. 'बाई, त्याले वाचता येत नही! मना तांब्यावर तुमनं नाव कसं येई?' मग तिच्या लक्षात आलं की हे गुरुवारचं आहे, आपण गडावर होतो तेव्हाचं. मोबाइल उचलून घरी गेली. सोमवारपासून शाळेत आलेली नाही.

मी तुझ्या घरी आले होते ते आठवत असेलच. तू चहा टाकलास आणि म्हणालीस, 'मे महिन्यात रिटायर होतेय गं, शेवटी शेवटी शाळेला खालची श्रेणी नको. तुझी सात अडखळली असती तर? कागदावर सात कमी झाली, कुणाचं काय बिघडलं?' मी तेव्हा विचारलं नाही की कागदावर कमी कशी केलीस. ते भाईदासने सांगितलं. पुनमचा बाप, तुला माहीत आहे, मोठ्याने बोलणारा माणूस नाही. लेकीची गैरहजेरी का लागली म्हणून शाळेत विचारायला गेला, तर त्याला यादी दाखवली. सातही जणांपुढे लिहिलेलं: आईवडिलांसोबत केळीच्या कामाला रावेरला स्थलांतरित.

माझ्याकडे येऊन म्हणाला, 'बाई, पोरले तुमीच गडवर लई गयथात ना?' हो, मीच नेलं होतं म्हटलं. तो म्हणाला, मी खरंच रावेरला चाललोय, केळीचे घड काढणाऱ्या टोळीत. तिला काकांकडे ठेवणार होतो शाळेसाठी. आता शाळेत तिचं नावच नाही आणि तीही जात नाही म्हणते, तर सोबत नेतो. लहान भावाला सांभाळेल. मंगळवारी, पंचवीस तारखेला ट्रक येणार आहे.

झालं तुझ्या मनासारखं? तू तिला कागदावर रावेरला पाठवलंस, आता बाप तिला खरोखर घेऊन चाललाय. मला तुझा इतका राग आलाय की तुझं नाव निघालं तर मी नातीवरसुद्धा खेकसते. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू होतीस म्हणून मी ती पोरं डोळे झाकून घेऊन गेले.

डोळे झाकून म्हटलं खरं. इथे दोन दिवस पेन खाली ठेवलं होतं. आता लिहिते.

गडावर आम्ही अकराच्या सुमारास पोचलो. वरून शाळा हातावर ठेवल्यासारखी दिसते. पुनम म्हणाली, 'बाई, शाळामा गाड्या उन्यात!' मी पाहिलं. दोन पांढऱ्या गाड्या, अंगणात टेबल, आणि टेबलावर उन्हात पितळ चमकत होतं. मला शनिवारी कळलं नाही कमल, मला तिथेच, त्या क्षणी कळलं. रिबिनी, खिचडीचे डबे, सगळं एका दमात कळलं. पोरं उड्या मारायला लागली, चला खाली, आपण वाचून दाखवू. अर्ध्या तासात उतरलो असतो. समिती दीडपर्यंत होती.

मी पोरांना सांगितलं, 'इंजेक्शन देणारे आलेत. खाली गेलात तर टोचतील.'

सातही जण माझ्या पदराला येऊन चिकटले. त्या गाड्या जाईपर्यंत मी त्यांना वर बसवून ठेवलं. गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली. पुनमने माझा हात धरला आणि म्हणाली, 'बाई, तुमी कितल्या चांगल्या शेतस.' ते वाक्य मला झोपू देत नाही. मी का केलं असं? तुझी अब्रू जाईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. तू मला उद्यापासून येऊ नकोस म्हणशील आणि मी परत ओट्यावर बसेन, याची भीती वाटली. तू शाळेच्या श्रेणीसाठी पोरं लपवलीस, मी हातातल्या खडूसाठी. तू मला फसवलंस, आणि मी त्यांना. आणि त्या वेड्या पोरांनी माझे आभार मानले.

आता नीट ऐक. मी सोमवारी चोवीस तारखेला सकाळच्या गाडीने येतेय. परिपाठाला उभी राहीन आणि सात पोरांना सगळ्यांसमोर सांगेन की इंजेक्शनवाले कुणी आले नव्हते, रत्नाबाई खोटं बोलली. ते माझं काम, मी करणारच.

तुझं काम तुझ्याजवळ. हजेरी दुरुस्त कर आणि सातही मुलं शाळेत आहेत असं वर लिहून कळव. तू नाही कळवलंस तर मी कळवेन, व्हिडिओसकट, आणि गडावर कोण होतं तेही माझ्या सहीने लिहीन. पण त्याआधी कपाटातला तांब्या घेऊन भाईदासच्या दारी जा. शिपायाला पाठवू नकोस, तू स्वतः जा. ट्रक मंगळवारी आहे. जमिनीवर बस आणि पुनमला म्हण, वाच. ती अडखळेल, 'यांजकडून'ला अजूनही थांबते. थांबू दे तिला. तू फक्त ऐक, वर्षभरात एकदा. मग बापाला सांग की ही शाळेतली आहे. तुझ्या तोंडून ऐकलं तर तो ठेवेल, माझ्यावर आता कुणी का विश्वास ठेवावा?

रिटायर होशील तेव्हा ऑफिस आवरताना तो डबा घरी नेशील. चहापत्ती काढून एकदा स्वतः वाच, योगराजकडून वाचून घेऊ नकोस.

'तुझी' लिहायचं की नाही, ते मंगळवारी ट्रक गेल्यावर ठरवेन. सध्या एवढंच,

त्या डब्यावर जिचं नाव आहे ती,
रत्ना